नालंदेचा परदेशी विद्यार्थी : भिक्खू ह्युएन त्संग

बोधगयेच्या धम्मयात्रेला जाणारे आपले उपासक-उपासिका राजगीर पाहून झाले की नालंदेला जातात. तेथे काय दिसते? लाल विटांच्या रुंद भिंती, ओळीने लहान लहान खोल्या, मध्ये अंगण, अंगणात विहीर आणि एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेला भग्न चैत्य. तास-दीड तासात पाहणे संपते आणि यात्रेची बस पुढच्या मुक्कामाला निघते. परंतु त्या विटांपुढे उभे राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न येतोच. एवढे मोठे विद्यापीठ बुडाले कसे?

या प्रश्नाला जोडून दुसराही एक प्रश्न आपण विचारला पाहिजे. मातीखाली गाडले गेलेले आणि लोक नावसुद्धा विसरून गेलेले हे नालंदा पुन्हा सापडले कसे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला एकाच माणसाच्या चरित्रापाशी जावे लागते. तो माणूस भारतीय नव्हता. तो चीन देशातून पायी आलेला एक भिक्खू होता. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ह्युएन त्संग किंवा युआन श्वांग या नावाने आपण त्याला दोन ओळींत वाचलेले असते. त्या दोन ओळींच्या मागे केवढे आयुष्य होते, ते या लेखात पाहू.

बालपण आणि प्रव्रज्या

ह्युएन त्संगचा जन्म इ. स. ६०० च्या सुमारास चीनमधील लोयांग शहराजवळ झाला. घराण्याचे नाव चेन. घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्येची परंपरा होती. चार भावांत तो सर्वांत धाकटा. वडिलांनी त्याला लहानपणी कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ शिकवले. पुढे वडील वारले. त्याचा एक थोरला भाऊ अगोदरच भिक्खू झाला होता. तो या धाकट्याला आपल्याबरोबर लोयांगच्या विहारात घेऊन गेला आणि तेथे या मुलाला धम्माची गोडी लागली. तेराव्या वर्षी तो श्रामणेर झाला. वय कमी असूनही त्याची बुद्धी आणि ओढ पाहून त्याला संघात घेण्यात आले.

तो काळ शांततेचा नव्हता. इ. स. ६१८ मध्ये सुई घराण्याची सत्ता कोसळली आणि तांग घराणे गादीवर आले. लढाया आणि दुष्काळ यांमुळे शहरे ओस पडली होती. दोघे भाऊ जीव वाचवत पश्चिमेकडील चेंगदू शहरात गेले. तेथेच विसाव्या वर्षी ह्युएन त्संगने उपसंपदा घेतली. मग तो गावोगावच्या आचार्यांकडे शिकत फिरला. जितके शिकला तितक्या त्याच्या शंका वाढत गेल्या. एकाच ग्रंथाची निरनिराळी भाषांतरे होती. एक आचार्य एक अर्थ सांगे, दुसरा त्याच्या उलट सांगे. काही ग्रंथ अपुरे होते. योगाचारभूमिशास्त्र हा मोठा ग्रंथ तर चीनमध्ये पूर्ण स्वरूपात नव्हताच.

येथे दुसरा कोणी असता तर त्याने आपल्या गुरूचा शब्द प्रमाण मानला असता आणि स्वस्थ बसला असता. ह्युएन त्संगने तसे केले नाही. आचार्यांचे एकमत होत नसेल, तर जेथे हे ग्रंथ निर्माण झाले त्या भूमीत जाऊन, त्या भाषेत ते वाचून पाहावेत, असे त्याने ठरवले. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही तथागतांची शिकवण त्याने अक्षरशः पायांखाली घातलेल्या हजारो मैलांनी पाळली.

वाळवंट आणि बर्फ

त्या वेळी चीनच्या सम्राटाने देशाबाहेर जाण्यास बंदी घातली होती. परवानगीचा अर्ज नामंजूर झाला. तेव्हा इ. स. ६२९ च्या सुमारास हा तरुण भिक्खू राजाज्ञा मोडून एकटाच निघाला. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे. सरहद्दीवरच्या टेहळणी बुरुजांवरून त्याच्यावर बाणही सुटले. पुढे गोबीचे वाळवंट लागले. तेथे पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री आणि पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या घोड्याने वास काढत त्याला एका झऱ्यापाशी नेले, म्हणून तो वाचला.

तुर्फानच्या राजाने त्याचा मोठा सत्कार केला आणि राजगुरू म्हणून त्याला तेथेच ठेवून घेण्याचा हट्ट धरला. मान होता, सुख होते. ह्युएन त्संगने अन्नपाणी सोडले. तीन दिवस झाले, त्याचा श्वास मंद होऊ लागला, तेव्हा राजा वरमला. त्याने वाटेतील राजांना देण्यासाठी पत्रे दिली, घोडे आणि माणसे दिली. पुढे तिएनशान पर्वताच्या बर्फात त्याच्या सोबत्यांपैकी कित्येक जण थंडीने मेले. समरकंद, बल्ख, बामियान अशी मजल करत तो भारताच्या वेशीवर आला. बामियानच्या डोंगरात कोरलेल्या बुद्धांच्या दोन प्रचंड मूर्तींचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्या मूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. आज तेथे रिकामे कोनाडे आहेत आणि ह्युएन त्संगचे शब्द आहेत.

तक्षशिलेची पडझड

गांधार देशात तो मोठ्या आशेने आला होता. परंतु तेथे त्याला काय दिसले? सुमारे हजार विहार, बहुतेक ओसाड आणि मोडके. मग तो तक्षशिलेला गेला. वाचकहो, ही तीच तक्षशिला, जेथे भगवान बुद्धांचा वैद्य जीवक सात वर्षे वैद्यकी शिकला असे विनयपिटक सांगते. व्यापाराचे मोठे रस्ते जेथे एकत्र येत आणि देशोदेशीचे तरुण जेथे आचार्यांच्या घरी राहून शिकत, ते हे शहर. ह्युएन त्संग पोहोचला तेव्हा तेथील बरेच विहार पडलेले होते आणि भिक्खू थोडेच उरले होते. हूणांच्या स्वाऱ्या, बदललेली राज्ये आणि तुटलेला व्यापार यांनी ते शहर खचले होते.

म्हणजे नालंदेच्या वैभवात पाऊल टाकण्यापूर्वीच या विद्यार्थ्याने विद्येचे एक नगर मरताना पाहिले होते. पुढच्या सर्व गोष्टी समजून घेताना हे आपण ध्यानात ठेवू.

काश्मीरमध्ये दोन वर्षे राहून त्याने संस्कृत आणि शास्त्रग्रंथ यांचा अभ्यास केला. मग मथुरा, कनौज असे करत तो गंगेच्या खोऱ्यात उतरला. गंगेवर त्याची नाव लुटारूंनी पकडली. ते दुर्गेचे भक्त होते आणि देवीला बळी देण्यासाठी त्यांना माणूस हवाच होता. त्यांनी या धष्टपुष्ट परदेशी भिक्खूची निवड केली. तो शांतपणे ध्यानाला बसला. तेवढ्यात मोठे वादळ उठले, लुटारू घाबरले आणि त्याला सोडून देऊन त्याच्या पाया पडले. वादळ ही निसर्गातील गोष्ट आहे. परंतु मृत्यू समोर असताना न डळमळणे ही मनाच्या अभ्यासाची गोष्ट आहे, आणि आपण शिकायची ती हीच.

श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर, सारनाथ, वैशाली ही स्थळे त्याने पाहिली. त्यातील कित्येक ठिकाणी रान माजले होते. बोधगयेला बोधिवृक्षाखाली आल्यावर त्याला रडू आवरले नाही. बुद्धांच्या काळी आपण कोठे होतो आणि आज किती उशिरा येथे आलो, या विचाराने त्याचे मन भरून आले.

नालंदेचे वैभव

इ. स. ६३७ च्या सुमारास नालंदेचे भिक्खू स्वतः येऊन त्याला आपल्या महाविहारात घेऊन गेले.

नालंदा हे गाव भगवान बुद्धांच्या पायांनी पावन झालेले. तेथील पावारिकाच्या आम्रवनात ते राहिले होते. धम्मसेनापती सारिपुत्तही याच परिसरातले. परंतु मोठे विद्यापीठ तेथे उभे राहिले ते इसवी सनाच्या पाचव्या शतकात, गुप्त राजा पहिला कुमारगुप्त याच्या काळात. त्याच्या मागून आलेल्या राजांनी एकेक विहार वाढवत नेला. ह्युएन त्संग आला तेव्हा सगळ्या इमारतींना मिळून एक मोठा तट आणि एक महाद्वार होते.

त्याच्या चरित्रकाराने दिलेले आकडे पाहा. तेथे राहणारे व येणारे मिळून दहा हजार जण होते. दररोज शंभर आसनांवरून पाठ चालत. वीस शास्त्रसंग्रहांचा अर्थ सांगू शकणारे एक हजार, तीस संग्रहांचा अर्थ सांगू शकणारे पाचशे आणि पन्नास संग्रह जाणणारे अवघे दहा. महाविहाराचे प्रमुख आचार्य शीलभद्र यांनी मात्र सर्वच संग्रह आत्मसात केले होते. धम्माबरोबर तेथे वेद, हेतुविद्या म्हणजे तर्कशास्त्र, शब्दविद्या म्हणजे व्याकरण, चिकित्साविद्या म्हणजे वैद्यक आणि सांख्य हेही शिकवत. महाद्वारावरच परीक्षा घेतली जाई. बाहेरून आलेल्या दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत. आणि हे सगळे चाले कशावर? राजाने शंभर गावांचे उत्पन्न नालंदेला तोडून दिले होते. त्या गावांतील दोनशे घरांतून रोज तांदूळ, लोणी आणि दूध येई. म्हणून विद्यार्थ्यांना अन्नवस्त्रासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे.

शीलभद्र तेव्हा शंभरी ओलांडलेले होते. अंगाला असह्य वेदना होत्या. या चिनी भिक्खूची वाट पाहण्यास सांगणारे स्वप्न त्यांना तीन वर्षांपूर्वी पडले होते, अशी कथा आहे. स्वप्नाची गोष्ट आपण बाजूला ठेवू. शंभर वर्षांच्या आचार्याने परदेशी शिष्यासमोर बसून योगाचारभूमिशास्त्र पंधरा महिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिकवले, ही घटना कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी आहे.

नालंदेतील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. लोकायत मताचा एक ब्राह्मण पंडित आला आणि त्याने चाळीस सिद्धान्त लिहून महाद्वारावर लावले. यातील एक जरी कोणी खोडून काढला तर आपले शिर देईन, अशी त्याची पैज होती. ह्युएन त्संगने शीलभद्रांसमक्ष त्याच्याशी वाद केला आणि पंडित हरला. पैजेप्रमाणे तो मरायला तयार झाला. ह्युएन त्संगने त्याचे शिर मागितले नाही, त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले. पुढे एका प्रतिपक्षी ग्रंथाचा अभ्यास करण्याची वेळ आली. तो ग्रंथ या पंडिताने पाच वेळा ऐकलेला होता. तेव्हा ह्युएन त्संग स्वतः त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसला आणि रात्री जागून त्याच्याकडून तो ग्रंथ शिकला. नंतर त्याने त्याला मोकळे केले. वादात हरवलेल्या माणसाकडून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्या सभासंमेलनांतून जे वाद होतात, ते करताना हा प्रसंग आपल्याला आठवतो का?

महाराष्ट्रात

मधली काही वर्षे तो भारतभर फिरला. बंगाल, ओडिशा, आंध्र, कांची असा प्रवास करून इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. त्या वेळी येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. येथील लोक स्वाभिमानी, लढवय्ये, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा बदला घेणारे आहेत, असे त्याने नोंदवले. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून मग घेतात, हेही त्याने लिहिले. येथे शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू असल्याची त्याची नोंद आहे. राज्याच्या पूर्वेकडील डोंगरात दरीच्या वर खोदलेल्या एका भव्य विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे असावे, असे अभ्यासक मानतात.

वाचकहो, शंभर विहार आणि पाच हजार भिक्खू असलेला हाच आपला प्रदेश. त्यानंतर काही शतकांनी येथे एक भिक्खू दिसेना. अजिंठ्याची लेणी रानात बुडाली. डोंगरातली लेणी पांडवांनी खोदली, असे आपले वाडवडील सांगू लागले. ह्युएन त्संगची वही नसती तर आपल्या पूर्वजांच्या जीवनातील हे पान आपल्याला कधी कळले असते काय?

म्लेंच्छांचा देश

नालंदेला परत आल्यावर त्याने मायदेशी जाण्याचा विचार बोलून दाखवला. तेथील भिक्खूंनी त्याला परोपरीने अडवले. बुद्धांची जन्मभूमी सोडून जायचे कशाला, चीन हा तर म्लेंच्छांचा देश, तेथे बुद्ध जन्म घेत नाहीत, तेथील माणसे हलकी, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाला त्यांनी पन्नास शास्त्रसंग्रह जाणणाऱ्या दहांत बसवले, त्याच्याच देशाला ते हलके म्हणत होते.

ह्युएन त्संगने त्यांना सांगितले की, तथागतांनी धम्म स्थापन केला तो सर्वांना मिळावा म्हणून. ज्याला तो मिळाला आहे त्याने न मिळालेल्यांना विसरणे योग्य नाही. सूर्य जंबुद्वीपावरून फिरतो तो अंधार घालवण्यासाठी, तसेच आपले परत जाणे आहे. हे प्रकरण शीलभद्रांकडे गेले. वृद्ध आचार्यांनी शिष्याची बाजू घेतली आणि त्याला जाण्याची अनुज्ञा दिली.

वाचकहो, या प्रसंगी थोडे थांबा. जन्मावरून आणि जन्मभूमीवरून माणसाला हलके ठरवण्याचा रोग भगवंतांनी मुळापासून नाकारला होता. तोच रोग समाजातून तट ओलांडून नालंदेच्या आत शिरला होता. दहा हजारांचे विद्यापीठ होते, परंतु धम्म ही आपल्या जागेची मिरास आहे असे तेथील काहींना वाटू लागले होते. नालंदेच्या भिंतीला पहिली भेग येथे पडली, असे आम्हाला वाटते.

दुसरी भेगही त्याच दिवसांत दिसली. कामरूपचा राजा भास्करवर्मा याने ह्युएन त्संगला बोलावणे पाठवले. त्याला पाठवण्यास शीलभद्रांनी टाळाटाळ केली. तेव्हा हत्तींचे सैन्य आणून नालंदा धुळीला मिळवीन, अशी धमकी राजाने दिली. भिक्खूला जावे लागले. शंभर गावे राजाने दिलेली आणि धमकीही राजाचीच! ज्या संस्थेचे अन्न आणि आयुष्य राजाच्या मर्जीवर असते, ती राजाच्या एका रागाने संपू शकते. नालंदेचे सर्व वैभव अशा दोरीला टांगलेले होते.

पुढे सम्राट हर्षवर्धनाने इ. स. ६४३ मध्ये कनौज येथे मोठी सभा भरवली. तेथे ह्युएन त्संगचा सिद्धान्त अठरा दिवस सर्वांसमोर मांडून ठेवलेला होता. खोडण्यास कोणी पुढे आले नाही. सभेच्या मंडपाला आग लागली आणि हर्षावर शस्त्र घेऊन एक जण धावून गेला, असेही त्या वृत्तान्तात आहे. धम्माला मिळणारा मान सर्वांना मानवत नव्हता, हे यावरून दिसते.

वीस घोड्यांवरची विद्या

परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना नाव कलंडली आणि पन्नास पोथ्या वाहून गेल्या. इ. स. ६४५ मध्ये तो चीनच्या राजधानीत, चांगआनला पोहोचला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ आणि सोबत बुद्धमूर्ती होत्या. ज्याच्या आज्ञेविरुद्ध तो गेला होता, त्याच सम्राटाने आता त्याला मंत्रिपद देऊ केले. ह्युएन त्संगने ते नाकारले. त्याने फक्त भाषांतरासाठी जागा आणि मदतनीस मागितले. सम्राटाच्या इच्छेवरून ६४६ साली त्याने आपल्या प्रवासातील देशांचा वृत्तान्त लिहून दिला. मग उरलेली सर्व वर्षे त्याने भाषांतराला दिली.

एकोणीस वर्षे हे काम चालले. मूळ संस्कृत वाचणारे, चिनीत उतरवणारे, अर्थ ताडून पाहणारे, भाषा सुधारणारे असे भिक्खूंचे मंडळ त्याच्या हाताखाली होते. योगाचारभूमिशास्त्र ६४८ मध्ये पूर्ण झाले. ज्यासाठी वाळवंट तुडवले, तो ग्रंथ त्याच्या लोकांना त्यांच्या भाषेत मिळाला. शेवटी ६०० खंडांची महाप्रज्ञापारमिता हाती घेतली आणि ६६३ मध्ये पुरी केली. एकूण ७५ ग्रंथ, १३३५ खंड! ६६४ च्या आरंभी हा थकलेला देह विसावला. त्याच्याकडे शिकलेल्या दोशो नावाच्या भिक्खूने तीच विद्या पुढे जपानला नेली.

नालंदेची आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही. ६५२ मध्ये बोधगयेचा एक भिक्खू पत्रे घेऊन चीनला आला. ६५४ मध्ये ह्युएन त्संगने उत्तर पाठवले. आपले आचार्य शीलभद्र आता हयात नाहीत, याचे दुःख त्याने त्यात कळवले. त्याबरोबर सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी जोडून त्यांच्या नकला पाठवण्याची विनंती केली. गुरूच्या मृत्यूचा शोक करणाऱ्या पत्रातही पुस्तकांची यादी आहे, यावरून या माणसाचे मन ओळखावे.

नालंदेचा अस्त

नालंदा त्याच्यानंतरही पाच शतके चालले. इत्सिंग नावाचा दुसरा चिनी भिक्खू तेथे दहा वर्षे शिकला. पाल राजांनी आश्रय दिला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या राजाने तेथे विहार बांधला. परंतु भोवतालचा देश बदलत होता. इतरत्र विहार ओस पडत होते, राजे ब्राह्मणी धर्माकडे झुकत होते. धम्म मोठमोठ्या महाविहारांत आखडत चालला होता, आणि तेथेही मंत्रतंत्र आणि कर्मकांड वाढले होते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस बख्तियार खिलजीच्या घोडेस्वारांनी मगधावर धाड घातली. मिन्हाज या मुसलमान इतिहासकाराने वर्णन केलेला हल्ला बहुधा जवळच्या ओदंतपुरी विहारावरचा होता. मुंडन केलेल्या सर्वांची कत्तल झाली आणि सापडलेले ग्रंथ वाचून दाखवायला कोणी जिवंत उरले नाही, असे तो सांगतो. नालंदेचे मोडणे एका दिवसात झाले नाही. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामी हा तिबेटी भिक्खू तेथे आला. बहुतेक विहार पडके होते, दोनच वापरात होते. नव्वदी ओलांडलेले आचार्य राहुल श्रीभद्र सत्तर विद्यार्थ्यांना शिकवत होते. शिपाई येत असल्याची वार्ता आली तेव्हा सगळे पळाले. आचार्यांना चालवेना. तेव्हा या तिबेटी शिष्याने त्यांना खांद्यावर घेतले आणि दूरच्या एका देवळात लपवून वाचवले. नालंदेचा शेवटचा गुरूही परदेशी शिष्याच्याच खांद्यावर होता!

परमपूज्य बाबासाहेबांनी बौद्ध धम्माच्या ऱ्हासावर जे लिहून ठेवले, त्यात एक मुद्दा त्यांनी ठासून मांडला आहे. भिक्खू मारले गेले तेव्हा त्यांची जागा घेणारे शिकलेले लोक मागे नव्हते. ब्राह्मण जन्मानेच पुरोहित होतो. भिक्खू मात्र शिकवून तयार करावा लागतो, आणि शिकवणारेच उरले नाहीत. याला आम्ही एवढेच जोडू की, ज्या शंभर गावांनी रोज तांदूळ आणि दूध दिले, त्या गावांच्या घराघरांत पुरेशी विद्या पोहोचली असती, तर भिंती पडल्यावरही धम्म त्या घरांत उरला असता. तसे झाले नाही. पुढे त्या जागी बडगाव नावाचे खेडे राहिले. शेतात सापडलेल्या बुद्धमूर्ती लोक भलत्याच देवांच्या नावाने पुजू लागले.

नंतर १८६१-६२ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम हा इंग्रज अधिकारी तेथे आला. ह्युएन त्संगच्या वृत्तान्ताचे भाषांतर तोवर युरोपात प्रसिद्ध झाले होते. त्यातील दिशा आणि अंतरे मोजून त्याने बडगाव हेच नालंदा असे ओळखले. १९१५ पासून उत्खनन झाले. १९५१ मध्ये भिक्खू जगदीश काश्यप यांच्या प्रयत्नाने नव नालंदा महाविहार उभे राहिले. १९५७ मध्ये ह्युएन त्संगच्या अस्थींचा अंश चीनकडून नालंदेत आला. विद्यार्थी तेराशे वर्षांनी आपल्या शाळेत परतला. २०१६ मध्ये ते अवशेष जागतिक वारसा ठरले.

आपण काय घ्यायचे?

वाचकहो, ज्यांनी आपली भूमी श्रेष्ठ आणि दुसऱ्याची हलकी मानली, त्यांच्या भूमीतून धम्म गेला. ज्याच्या देशाला म्लेंच्छांचा म्हटले, त्याने तो जपला. आपणही या देशात हलके ठरवले गेलेले लोक आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी तो धम्म आपल्या हाती दिला. त्याच्या आधीच त्यांनी १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद ही महाविद्यालये काढली होती. धम्म आणि विद्या एकत्र असावीत, ही त्यांची दृष्टी त्यात दिसते.

आता आपल्या वस्तीतल्या विहाराकडे पाहा. इमारत चांगली आहे, फरशी आहे, मोठी मूर्ती आहे. पण पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, असे तर नाही ना? वर्षावासात तीन महिने बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे वाचन आपण करतो. इंग्रजीत लिहिलेला तो ग्रंथ मराठीत आला, म्हणूनच आपल्या आया-बहिणी तो ऐकू शकतात. परंतु ऐकणाऱ्यांपैकी किती जण घरी जाऊन तो स्वतः वाचतात? किती जण आपल्या मुलीकडून तो वाचून घेतात? पाली शिकणारा एक तरी तरुण आपल्या गावात आहे काय?

विहार बांधण्यासाठी वर्गणी द्यावी, अवश्य द्यावी. पण नालंदेच्या भिंती सहा-सात फूट जाड होत्या, तरी त्या धम्माला वाचवू शकल्या नाहीत. त्याला वाचवले ते वीस घोड्यांवरच्या पोथ्यांनी आणि एकोणीस वर्षे रोज भाषांतराला बसलेल्या एका माणसाने. या पौर्णिमेला आपल्या विहारातील त्या कपाटाची किल्ली शोधून काढा, एक पुस्तक घरी न्या आणि घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे वाचा. भिक्खू ह्युएन त्संगला तीच खरी मानवंदना ठरेल.